ज्येष्ठांची घरे : हिशेब आणि भोगवटा



एखादी वास्तू उभारणे ही दोन-तीन वर्षांची गोष्ट असते; ती चालविणे ही पन्नास वर्षांची. कोनशिला बसते, फीत कापली जाते, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या वास्तूत दोन वह्या उघडाव्या लागतात. एक जमाखर्चाची आणि दुसरी खोल्यांची. कोणती खोली कोणाच्या ताब्यात आहे, कोणती कधीपासून रिकामी आहे, तिच्यासाठी रांगेत कोण उभे आहे, हे दुसरी वही सांगते. सरकारी भाषेत त्याला 'भोगवटा' म्हणतात. शासकीय मालकीच्या ज्येष्ठनिवासाचे भवितव्य या दोन वह्यांवर ठरते. आणि या दोन वह्या वेगवेगळ्या टेबलांवर ठेवल्या, की निवास कोसळण्यास प्रारंभ होतो.

वृद्धांच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुधा भावनेच्या अंगाने. मुलांनी सांभाळले नाही, नातवंडे दुरावली, घर पारखे झाले. हे दुःख खरे आहे, परंतु अश्रूंनी इमारतीची गळती थांबत नाही. म्हणून या प्रश्नाची रुक्ष वाटणारी बाजू आज पाहावयाची आहे. ती रुक्षता निवासातील वृद्धाच्या उशाशी येऊन बसते, हे पुढील विवेचनावरून ध्यानी यावे.

रिकाम्या खोलीची किंमत

समजा, १०० खोल्यांचा एक ज्येष्ठनिवास आहे. पहारेकरी, परिचारिका, व्यवस्थापक, वीज, पाणी, लिफ्ट, सफाई असा दरमहा १० लाख रुपयांचा खर्च आहे. हा खर्च माणसे किती, यावर फारसा अवलंबून नसतो. रात्रपाळीची परिचारिका ६० माणसांसाठीही लागते आणि १०० माणसांसाठीही. सर्व खोल्या भरलेल्या असतील तर प्रत्येक खोलीमागे १० हजार रुपये पडतात. पंचवीस खोल्या रिकाम्या राहिल्या की हाच आकडा १३ हजारांच्या पुढे जातो. म्हणजे रिकाम्या खोलीचे भाडे राहणाऱ्या वृद्धाला भरावे लागते. नाही तर त्याच्या ताटातून, औषधातून किंवा परिचारिकेच्या पगारातून ते वसूल होते.

आता दुसरा हिशेब. अशा निवासात वर्षाकाठी २० खोल्या मोकळ्या होतात असे धरू. कोणी देवाघरी जाते, कोणाला रुग्णालयात कायमचे हलवावे लागते, कोणाला मुलगा घरी नेतो. प्रत्येक खोली पुढील व्यक्तीला मिळेपर्यंत सहा महिने गेले, तर वर्षाच्या १,२०० खोली-महिन्यांपैकी १२० वाया जातात. दर दहा खोल्यांतली एक खोली कायम कुलूपबंद, असाच याचा अर्थ. हे सहा महिने कशात जातात? मृत व्यक्तीचे सामान कोणी न्यायचे हे ठरत नाही. रंगरंगोटीची निविदा निघत नाही. निवड समितीची बैठक होत नाही. दाराबाहेर प्रतीक्षायादी आणि आत कुलूप, असे दृश्य मग दिसते. पैशाच्या अभावापेक्षा कागद न हलल्यामुळे ते निर्माण होते.

तिसरा हिशेब दुरुस्तीचा. २० वर्षांनी लिफ्ट बदलण्यास ४० लाख रुपये लागणार असतील, तर आजपासून वर्षाला २ लाख बाजूला पडले पाहिजेत. शंभर खोल्यांत वाटले तर खोलीमागे महिन्याला सुमारे १६७ रुपये. हे १६७ रुपये कोणी मागत नाही, कारण लिफ्ट आज चालू आहे. विसाव्या वर्षी ती बंद पडते आणि चौथ्या मजल्यावरील ८० वर्षांची आजी आपल्याच खोलीत कैदी होते.

मुंबईने शिकविलेला धडा

हा धडा मराठी माणसाला नवा नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने हजारो घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ही त्याची जमेची बाजू. पण भाडे गोठले तरी चुना, लोखंड आणि गवंड्याची मजुरी गोठत नाही. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी खचू लागल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर लावावा लागला. पुढे जुन्या इमारतींतून हलविलेल्या कुटुंबांसाठी संक्रमण शिबिरे आली. तात्पुरती म्हणून दिलेली घरे पिढ्यान्पिढ्या सुटली नाहीत आणि काहींत घुसखोर बसले. भाड्याची वही गोठली की भिंत खचते. खोल्यांची वही हरवली की घर भलत्याच्या हाती जाते. दोन्ही प्रकार या एकाच नगरीने अनुभवले आहेत.

वृद्धांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण मिसळते. तरुण भाडेकरूचा पगार वाढतो, वृद्धाचे उत्पन्न बहुधा वाढत नाही. त्याला जागा कमी लागत जाते आणि सेवा अधिक लागत जाते. तो किती वर्षे राहील हे कोणालाच ठाऊक नसते. वाढत्या खर्चाचा, न वाढणाऱ्या उत्पन्नाचा आणि अज्ञात मुदतीचा हा व्यवहार आहे. तो बसवायचा कसा? या प्रश्नाला ज्या देशांनी विचारपूर्वक उत्तर शोधले, त्यांत सिंगापूरचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

आयुष्याच्या मापाचा भाडेपट्टा

सिंगापूरचे गृहनिर्माण मंडळ, 'एचडीबी', १ फेब्रुवारी १९६० रोजी स्थापन झाले. त्या वेळी शहराचा मोठा भाग झोपड्यांत आणि कोंदट खोल्यांत राहत होता. आज तेथील दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. ही घरे साधारणतः ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकली जातात. जमीन राज्याचीच राहते.

पिढी म्हातारी होऊ लागली, तेव्हा प्रश्न उभा राहिला. ६५ वर्षांच्या माणसाला ९९ वर्षांचा पट्टा कशाला? त्याने उरलेल्या ७० वर्षांची किंमत का मोजावी? १९९८ मध्ये मंडळाने ५५ वर्षांवरील नागरिकांसाठी ३० वर्षांच्या पट्ट्याची छोटी घरे काढली. ३५ आणि ४५ चौरस मीटरची ही घरे होती. न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि संकटात ओढावयाची दोरी अशी सोय त्यांत होती. २०१५ मध्ये ही योजना अधिक लवचीक झाली. आता ५५ वर्षांवरील व्यक्ती १५ ते ४५ वर्षांपर्यंतचा पट्टा पाच-पाच वर्षांच्या टप्प्याने निवडू शकते. अट एकच : पट्टा अर्जदार आणि त्याचा जोडीदार या दोघांना किमान ९५ वर्षांच्या वयापर्यंत पुरला पाहिजे. म्हणजे ६५ वर्षांच्या दांपत्याला निदान ३० वर्षांचा पट्टा घ्यावा लागतो.

यातील हिशेबाची खुबी लक्षात घ्यावी. वृद्ध जेवढी वर्षे विकत घेतो, तेवढ्याचीच किंमत मोजतो, आणि ती आरंभीच भरतो. त्यामुळे थकबाकीचा प्रश्न उरत नाही आणि पंचाऐंशीव्या वर्षी भाडेवाढीची नोटीस दारावर चिकटत नाही. भोगवट्याचीही खुबी तशीच आहे. हे घर खुल्या बाजारात विकता येत नाही. नको झाले तर मंडळाला परत करावयाचे आणि उरलेल्या वर्षांचे मूल्य परत घ्यावयाचे. मालक निवर्तला आणि मागे जोडीदार नसला, तर उरलेले मूल्य वारसांना मिळते, घर मात्र मंडळाकडे येते. वृद्धांसाठी बांधलेले घर अशा रीतीने पुन्हा वृद्धांच्याच कामी येऊ शकते. ते दलालाच्या हाती जात नाही, भाच्या-पुतण्याच्या कुलपाखाली अडकत नाही.

घर आहे पण हातात पैसा नाही, अशा वृद्धांसाठी मार्च २००९ मध्ये दुसरी योजना आली. ज्याच्या घराचा पट्टा अजून ६५ वर्षे शिल्लक आहे, असा ७० वर्षांचा मनुष्य २५ वर्षे स्वतःकडे ठेवून उरलेली ४० वर्षे मंडळालाच विकू शकतो. घर सोडावे लागत नाही. मिळालेली रक्कम सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतील त्याच्या खात्यात जाते आणि तिच्यातून त्याला दरमहा उत्पन्न सुरू होते. आरंभी प्रतिसाद थंड होता. घर मुलांसाठी ठेवावे, ही भावना तेथील वृद्धांच्या मनातही खोल रुजलेली आहे. मंडळाने अटी सैल केल्या. प्रथम लहान घरांपुरती असलेली योजना २०१५ मध्ये चार खोल्यांच्या घरांना आणि १ जानेवारी २०१९ पासून सर्व घरांना लागू झाली. योजना फसली म्हणून गुंडाळून न ठेवता ती माणसाच्या मापाने बेतत जाणे, हा प्रशासनाचा गुण येथे दिसतो.

ज्यांच्यापाशी काहीच नाही

पण ज्याच्यापाशी विकत घ्यावयास पैसा नाही आणि विकावयास घरही नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी मंडळाची भाड्याची घरे आहेत. त्यांचे भाडे उत्पन्न पाहून ठरते आणि बाजाराच्या मानाने अगदी अल्प असते. या घरांवर मंडळाला तोटा होतो. तो लपविला जात नाही. ताळेबंदात तूट म्हणून दाखविला जातो आणि शासन अर्थसंकल्पातून अनुदान देऊन ती भरून काढते. सवलत किती आणि कोणाला, हे त्यामुळे सर्वांना दिसते. आपल्याकडे सवलत बहुधा न केलेल्या दुरुस्तीच्या रूपाने दिली जाते आणि तिचा आकडा कोठेच लिहिलेला नसतो.

तेथेही सर्व सुरळीत झाले असे नाही. एकट्या वृद्धांना भाड्याचे घर मिळावयाचे, तर दोघांनी मिळून अर्ज करून एकाच घरात राहावे, असा नियम पडला. खोल्यांच्या वहीच्या दृष्टीने हे काटकसरीचे होते. पण सत्तर वर्षे वेगवेगळ्या सवयींत घालविलेली दोन अनोळखी माणसे एका खोलीत आली, की एकाला दिवा हवा असतो, दुसऱ्याला अंधार. भांडणे वाढली, तक्रारी आल्या. मग मधोमध आडोसे घालून देण्यात आले. २०२१ च्या अखेरीस नवा प्रयोग सुरू झाला : व्यक्तीने एकट्याने अर्ज करावा, जोडी जुळविणे आणि तंटा मिटविणे हे काम नेमलेल्या संस्थेने करावे. भरलेली खाट आणि नांदते घर यांत अंतर असते, हे अनुभवाने कळल्यावर तेथे नियम बदलले.

दुरुस्ती, सेवा आणि शेजार

दुरुस्तीची तरतूद तेथे कोणाच्या सद्भावनेवर सोडलेली नाही. १९८८ च्या कायद्याने वसाहतींची देखभाल नगर परिषदांकडे आली. रहिवाशांच्या मासिक शुल्काचा ठरावीक भाग सिंकिंग फंडात टाकणे त्यांना बंधनकारक आहे, आणि लिफ्ट बदलण्यासाठी पुढे स्वतंत्र निधीही सक्तीचा झाला.

सेवेचा खर्चही घराच्या किमतीत मिसळलेला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत बुकित बातोक येथे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी सेवायुक्त घरांची पहिली योजना जाहीर झाली. घर ३२ चौरस मीटरचे, पट्टा १५ ते ३५ वर्षांचा. घराबरोबर मूलभूत सेवांचा संच घेणे सक्तीचे आहे. अधिक सेवा हवी असल्यास अधिक शुल्क द्यावयाचे. विटांचा हिशेब वेगळा, हातांचा वेगळा. कोणता खर्च कशामुळे वाढला हे रहिवाशाला कळते आणि त्याबद्दल विचारताही येते.

२०१८ मध्ये 'कांपुंग अ‍ॅडमिरल्टी' हे संकुल सुरू झाले. ज्येष्ठांची १०४ घरे, खाली खाद्यपदार्थांची दुकाने, वर वैद्यकीय केंद्र, आणि वृद्धांच्या दिवसनिवाऱ्याला लागून पाळणाघर. त्याच वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट इमारतीचा सन्मान मिळाला. पण त्या नकाशामागचा विचार सन्मानाहून मोठा आहे. आजोबांना जेथून नातवाच्या वयाच्या मुलांचा गलका ऐकू येतो, ते घर त्यांना सोडवत नाही.

कुटुंबाला या व्यवस्थेत दुय्यम मानलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. आईवडिलांची उपेक्षा करणाऱ्या अपत्यांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारा कायदा तेथे १९९५ मध्येच झाला. २०१५ पासून आईवडिलांसह किंवा त्यांच्या जवळपास जुने घर विकत घेणाऱ्यांना अनुदान मिळते. २०१८ पासून 'जवळपास' म्हणजे ४ किलोमीटरच्या आत. आईवडील मुलापासून हाकेच्या अंतरावर राहिले, तर परिचारिकेच्या कित्येक फेऱ्या वाचतात. कुटुंबाचा जिव्हाळा आणि शासनाची काटकसर येथे एकाच दिशेने चालतात.

आपल्या जिल्ह्यात काय?

सिंगापूर हे लहान नगरराज्य आहे. तेथील बहुतेक जमीन राज्याच्या मालकीची आहे आणि सक्तीच्या बचतीची परंपरा १९५५ पासूनची आहे. ती व्यवस्था जशीच्या तशी उचलून रत्नागिरीत किंवा परभणीत ठेवता येणार नाही. पण वही लिहिण्याची शिस्त कोणत्याही देशाची मिरासदारी नाही.

आपल्याकडे २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमानुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने स्थापन करू शकते. 'करू शकते', 'केलाच पाहिजे' नव्हे. या एका क्रियापदाच्या आडोशाने पुष्कळ जिल्हे निवांत राहिले. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून मिळविण्याचा आदेश केंद्राला दिला. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावर देशाला प्रथम मोजणीपासून आरंभ करावा लागला. २०११ च्या जनगणनेत या देशात साठ वर्षांवरील नागरिक १० कोटींहून अधिक होते.

महाराष्ट्राने १९९५ मध्येच मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. उत्पन्नाची मर्यादा ठरवून तिच्यावरील वृद्धांकडून शुल्क घ्यावयाचे आणि खालील वृद्धांना निःशुल्क ठेवावयाचे, हे तिचे सूत्र. सूत्र योग्यच आहे. पण मिश्र निवासाला वहीची शिस्त दुप्पट लागते. शुल्क वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर राहिले, तर भार निःशुल्क वृद्धांच्या ताटावर येतो. आणि पैसे देणाऱ्याला खोली आधी मिळू लागली, तर ज्याच्यासाठी आश्रम बांधला तोच दाराबाहेर राहतो.

मधल्या वर्गातील वृद्धाचा प्रश्न तर कायद्याच्या चौकटीबाहेरच राहतो. तो निराधार नाही. त्याचे दोन खोल्यांचे घर आहे, पण महिन्याचा खर्च भागत नाही. त्याच्यासाठी २००७ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने 'रिव्हर्स मॉर्गेज'ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. घर बँकेकडे गहाण, राहावयाचे घरातच, बँकेकडून ठरावीक हप्ता. प्रतिसाद अल्पच मिळाला. मुलांना काय सांगावे, हा संकोच होता आणि मुदत संपल्यावर हप्ता थांबेल ही भीतीही होती. सिंगापुरातही संकोच होताच. परंतु तेथे समोर सार्वजनिक मंडळ होते आणि अटी वारंवार सुधारल्या गेल्या.

चार मागण्या

ज्या नगरात वा जिल्ह्यात शासकीय ज्येष्ठनिवास आहे, तेथील जाणत्या नागरिकांनी चार गोष्टी विचाराव्यात. एक, खोल्यांची वही दर महिन्याला फलकावर लागते काय? किती खोल्या भरलेल्या, किती रिकाम्या, किती दिवसांपासून, यादीत किती जण, हे चार आकडे पुरेत. दोन, दुरुस्ती निधी वेगळ्या खात्यात आहे काय? तीन, राहण्याचा खर्च आणि सेवेचा खर्च वेगळा लिहिला जातो काय? सवलतीची रक्कम शासनाच्या नावे स्वच्छ दाखविली जाते काय? चार, खोली केव्हा मोकळी धरावयाची याचा नियम प्रवेशाच्या दिवशीच वाचून दाखविला जातो काय?

हा चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. रुग्णालयात गेलेल्या आजोबांची खोली किती दिवस राखावयाची? निवर्तलेल्या आजींची ट्रंक कोणाकडे सोपवायची आणि किती दिवसांत? नियम नसला तर दोनच गोष्टी घडतात. एक तर खोली सहा महिने कुलपात पडते, नाही तर तेराव्याच्या आत सामान व्हरांड्यात येते. नियम आधीच लिहिलेला असला, तर रुग्णालयातील माणूस निश्चिंत असतो, कारण परतल्यावर आपली खाट आपलीच आहे हे त्याला ठाऊक असते. आणि ज्याला परतावयाचे नाही, त्याच्या मागे राहिलेल्या चार वस्तू सन्मानाने त्याच्या माणसांच्या हाती पडतात.

गृहस्थाने संसार हिशेबाने करावा, हे आपल्या घरोघरी शिकविले जाते. सकाळी देवपूजा आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च लिहिणे, ही दोन्ही कामे ज्या पिढीने आयुष्यभर निष्ठेने केली, तीच पिढी आज या निवासांच्या दाराशी उभी आहे. तिच्यासाठी बांधलेल्या घराची वही तरी कोरी राहू नये, एवढे पाहणे हे मागच्या पिढीचे कर्तव्य आहे.